चेनचा जुब्बा

जुब्बा आणायला जायचं तर आधी क्रेनवाल्यांना अंगभर कपडे घालायला हवे होते, आणि त्यातच त्यांच्या बायकोची अर्धी दुपार गेली.

"आधी डावा," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"माहीत आहे तर उजवा कशाला पुढे करता?"

त्यांनी उजवा मागे घेतला. डावा हात मांडीवर पडून होता, दुसऱ्या कुणीतरी सांभाळायला ठेवल्यासारखा. उन्हाळ्याच्या अखेरीला अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून तो असाच. पाय काठीच्या आधाराने चालायला लागला, जीभ हळूहळू वळायला लागली, हात मात्र बोटं थोडीशी मिटण्यापलीकडे गेला नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने सांगून ठेवलं होतं की घालताना लुळा हात आधी आणि काढताना शेवटी. ती रोज तसंच करत होती. बनियन, त्यावर थर्मल, त्यावर सदरा, त्यावर स्वेटर. प्रत्येक कपडा डोक्यावरून ओढताना त्यांचा चेहरा क्षणभर आत गडप व्हायचा आणि आतून काहीतरी पुटपुट ऐकू यायची. काय म्हणाले, ते ती विचारत नसे. विचारलं तर पुन्हा सांगायला त्यांना वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ तिच्याकडे नसायचा.

बंदरावर उंच क्रेन चालवण्यात त्यांचा जन्म गेला होता. गल्लीत त्यांना सगळे क्रेनवाले म्हणत, आणि तीही परक्या माणसाशी बोलताना "आमचे क्रेनवाले" असंच म्हणायची. भरदार माणूस. आता सदऱ्याचे खांदे खाली लोंबत होते.

ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत सकाळच्या पाळीला होती. गरम रोलरमधून बाहेर येणाऱ्या चादरी दोघींनी दोन टोकांना धरायच्या, झटकायच्या, घडी घालायची. लाँड्रीत एवढी ऊब की घाम निथळायचा, आणि बाहेर पडलं की थंडी थेट मानेत शिरायची. घरी येईपर्यंत तिचे दोन्ही खांदे ठणकत असायचे. मग घरात तिसरा खांदा वाट बघत असायचा.

रमजान तोंडावर आला होता. दरवर्षी थोडा थोडा अलीकडे सरकत यंदा तो भर थंडीत आला होता. त्यांच्या लग्नानंतरचे पहिले रमजानही असेच थंडीतले होते, पण तेव्हा दोघांनाही थंडी वाजत नसे, एवढंच तिला आठवत होतं.

खरं तर कपड्यांचा प्रश्न आठवड्यापूर्वीच्या जुम्म्याला सुरू झाला. शेजारच्या रंगाऱ्याने त्यांना मशिदीत नेलं होतं. वजू करायला, म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुवायला, बसल्यावर बाही कोपराच्या वर जायला हवी, तर थर्मलची बाही अशी चिकटलेली की ती वरच जाईना. रंगाऱ्याने जोर लावला. शेवटी थर्मल, सदरा, स्वेटर सगळं कोपरापर्यंत भिजलं, आणि हे तशाच ओल्या बाह्यांनी नमाजभर बसून राहिले. घरी आले ते दात वाजवत. मग खोकला. डॉक्टरांनी छाती तपासली, औषधं लिहून दिली आणि जाता जाता सांगितलं, गारठा चालणार नाही, आणि रोज्याचं तर नावच काढू नका. दिवसातून तीन वेळा गोळ्या आहेत.

 रात्री जेवताना क्रेनवाले म्हणाले, "रोजा नाही, तर... कपडे तरी रमजानचे असू देत."

एवढं एक वाक्य बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. म्हणून तिने वाद घातला नाही.

रमजानचे कपडे म्हणजे त्यांच्या लेखी पांढरे. दरवर्षी हाजीसाहेबांच्या दुकानातून पांढऱ्या सुती कापडाचे दोन जोड, कडक इस्त्रीचे. क्रेनच्या केबिनमध्ये वर्षभर तेलकट राहणारा माणूस त्या महिन्यात असा झगझगीत निघायचा की गल्लीतल्या बायका तिला विचारायच्या, "नीळ कुठली वापरतेस गं?" यंदा ते सुती पांढरं अंगावर म्हणजे कागद गुंडाळल्यासारखं. मुलीने फोनवर सांगितलं, "अम्मी, ऑनलाइन मागव ना. लोकरीचे जुब्बे मिळतात. माप टाकायचं फक्त." पण माप काय टाकणार? खांदे जुन्या मापाचे राहिले नव्हते, आणि न चालणाऱ्या हाताचं माप कुठल्या रकान्यात टाकायचं, हे मुलीलाही सांगता आलं नाही.

म्हणून दोघं टॅक्सी करून निघाले.

हाजीसाहेबांचं दुकान चढावर होतं आणि दाराशी तीन उंच पायऱ्या. पूर्वी त्या पायऱ्या आहेत हे तिच्या कधी लक्षातही आलं नव्हतं. आत अत्तराचा आणि डांबरगोळ्यांचा मिसळलेला वास. रमजान जवळ आल्यामुळे हँगरचे स्टँड पार दारापर्यंत आले होते.

हाजीसाहेब काउंटरमागून उठून आले. गोल, हसऱ्या चेहऱ्याचा, भरपूर बोलणारा माणूस. त्यांनी क्रेनवाल्यांना दोन्ही हातांनी धरलं, मग डावा हात तसाच राहिलेला पाहून एक हात हळूच काढून घेतला.

"या, या. वहिनी, बसा. क्रेनवाले, तुमचा माल मी वेगळा काढून ठेवलाय. तोच पांढरा."

"पांढरा नको," ती म्हणाली. "उबदार दाखवा. डॉक्टरांनी सांगितलंय."

"पांढराच," क्रेनवाले म्हणाले.

हाजीसाहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. नवरा-बायकोच्या मध्ये कापड धरून उभं राहण्यात त्यांची हयात गेली होती. "दोन्ही दाखवतो," ते म्हणाले. "बघायला काय लागतंय?"

मग त्यांनी जे काढायला सुरुवात केली, ते थांबेनाच. राखाडी रंगाचा लोकरमिश्रित जुब्बा. आत कापूस भरलेली सदरी. मखमली कॉलरचा काळा जुब्बा, जो घालून नमाजला गेलात तर लोक तुमचा निकाह आहे असं समजतील, असं स्वतः हाजीसाहेबच म्हणाले. अंगावर नुसता पांघरायचा जाड चोगा. तो त्यांनी क्रेनवाल्यांच्या खांद्यांवर टाकून पाहिला. डावा खांदा उतरता असल्याने चोगा त्या बाजूने घसरून खाली पडला. पुन्हा टाकला. पुन्हा पडला.

"याला पिन लावता येईल," हाजीसाहेब म्हणाले.

"मी काय पडदा आहे?" क्रेनवाले म्हणाले.

ती मात्र कापड बोटांत धरून बघत होती. चादरींमध्ये आयुष्य घालवल्यावर बोटं आपोआप बघतात. हे जाड आहे पण पाणी धरून ठेवील, थंडीत तीन दिवस वाळणार नाही. हे टोचेल. याची बाही रुंद आहे, वर जाईल. आतल्या थर्मलच्या बाह्या कोपरावरच कापून टाकायच्या, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. हाजीसाहेबांनी चामडी मोजे पुढे केले. घरी वजू करून ते एकदा पायांत चढवले की मशिदीत पाय धुवायला नकोत, वरून ओला हात फिरवला की झालं. ते तिने लगेच बाजूला ठेवले. नाड्याच्या पायजम्याऐवजी इलॅस्टिकचे दोन गरम पायजमे ठेवले. हा सगळा विचार ती एकटीच करत होती. क्रेनवाले खुर्चीत बसून समोरच्या पांढऱ्या गठ्ठ्याकडे बघत होते, जणू ते दुसऱ्या कुणासाठी खरेदीला आले होते.

"हा राखाडी घालून तर बघा," ती म्हणाली.

ट्रायल रूम म्हणजे कोपऱ्यात पडदा लावलेली एक अरुंद खोपटी. आत एक स्टूल, एक आरसा, दोन खुंट्या. एका माणसाला पुरेल एवढीच जागा. ती त्यांच्याबरोबर आत शिरली तेव्हा बाहेर हाजीसाहेबांनी अदबीने पाठ फिरवली.

स्वेटर काढला. उजवा हात आधी, डावा शेवटी. राखाडी जुब्बा घेतला. डावा हात बाहीत घातला. मग जुब्बा डोक्यावरून ओढला, आणि तो तिथेच अडकला. गळा लहान होता. वर दोनच बटणं, तीही तिने आधी उघडली नव्हती. कापड जाड, लांब, जड. आत त्यांचं डोकं, बाहेर अर्धवट वर गेलेला उजवा हात. तिने खाली ओढलं. ते कळवळले. तिने वर ओढलं. कोपर आरशावर आदळलं.

"थांबा ना जरा. हलू नका."

आतून आवाज आला. लोकरीतून गाळून आलेला, तरी शब्द न् शब्द स्पष्ट होता. "मढ्यासारखं... गुंडाळतेस मला."

तिचे हात थांबले.

इतक्या महिन्यांत तिने त्यांना अंघोळ घातली होती, घास भरवले होते, रात्री कूस बदलून दिली होती, आणि पहाटे उठून दुसऱ्यांच्या चादरी झटकायला गेली होती. त्यांनी कपबशी फेकली होती तेव्हाही ती काही बोलली नव्हती. आजारी माणूस आहे, चालायचंच. पण ते एक वाक्य तिला असं लागलं की तिच्या अंगातलं बळच गेलं. राग आला म्हणावं, तर राग यायलाही थोडी ताकद लागते.

तिने जुब्बा वर ओढून त्यांच्या डोक्यातून सोडवला. डावी बाही काढली. खुंटीला अडकवला. त्यांचे केस विस्कटले होते, ते नीट केले नाहीत.

"मग तुमचं तुम्ही घाला," ती म्हणाली आणि पडदा सारून बाहेर आली.

 ती दाराजवळच्या बाकावर जाऊन बसली. काचेपलीकडे रस्ता होता. लोक माना खाली घालून, हात खिशात कोंबून चालले होते. समोरचा किल्लीवाला दोन्ही हात हीटरवर धरून बसला होता, किल्ली करायला आलेलं गिऱ्हाईकही त्याच्या शेजारी हात धरून बसलं होतं. तिने पाठ भिंतीला टेकवली. उठून आत जायला हवं, हे तिला कळत होतं. ते स्टुलावरून घसरले तर? पण पाय हलेनात. असू दे, तिला वाटलं. पडले तर आवाज येईल.

थोड्या वेळाने पडद्याआडून क्रेनवाल्यांचा आवाज आला. "हाजीसाहेब."

हाजीसाहेब पडद्याजवळ गेले. आत काहीतरी बोलणं झालं. ते परत आले, स्टँडवरचे हँगर सरकवत काहीतरी शोधलं आणि एक कपडा पडद्याच्या फटीतून आत दिला.

"मी येऊ का मदतीला?" त्यांनी विचारलं.

"नको."

हाजीसाहेब तिच्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "मोठी चेन असलेला कुठला आहे का, विचारत होते. चेन मागणारं गिऱ्हाईक तसं तरुण असतं."

 आतून धडपड ऐकू येत होती. स्टूल सरकल्याचा आवाज. काठी पडली. मग बराच वेळ काहीच नाही. मग श्वास. दोन गिऱ्हाईकं आली, त्यांनी टोप्या बघितल्या, भाव विचारला, निघून गेली. हाजीसाहेब एकदा पडद्याकडे बघत, एकदा तिच्याकडे. तिने डोळे मिटून घेतले होते.

पडद्याच्या कड्या खुळखुळल्या.

क्रेनवाले बाहेर आले होते. अंगात कॉफीच्या रंगाचा, मऊ जाड कापडाचा जुब्बा, गळ्यापासून पार बेंबीच्या खालपर्यंत चेन, आणि ती चेन हनुवटीपर्यंत नीट ओढलेली. डावा हात डाव्या बाहीत होता. बाहीतून बोटं बाहेर आली होती. कपाळावर घाम होता, एवढ्या थंडीत. त्यांनी भिंतीला धरलं होतं, कारण काठी आतच राहिली होती.

"कसा घातलात?" तिने विचारलं. उठायचंही तिला सुचलं नाही.

"खालून," ते म्हणाले.

"खालून म्हणजे?"

त्यांनी शब्द गोळा केले. "डांगरी. क्रेनवर... डांगरी घालायचो ना. डोक्यावरून कोण घालतं डांगरी? बसायचं, पाय टाकायचे, वर ओढायची. चेन लावायची. झालं."

कामावरचा तो एकसंध निळा पोशाख तिने हजार वेळा धुतला होता. त्यांना तो घालताना कधी पाहिलं नव्हतं. ते कामावर गेल्यावरच घालायचे. स्टुलावर बसून त्यांनी चेन पूर्ण उघडली होती, जुब्बा जमिनीवर गोळा करून गळ्याच्या भोकात दोन्ही पाय टाकले होते, आणि उभं राहून एका हाताने तो वर ओढला होता. अंग उतरलं होतं म्हणून तो कमरेवरून वर सरकला. मग लुळा हात उचलून बाहीत, मग उजवा, मग चेन. एकाच हाताने.

"वा," हाजीसाहेब म्हणाले. "इतकी वर्षं विकतोय, पण जुब्बा पायातून चढवलेला पहिल्यांदा पाहिला."

क्रेनवाले हसले. झटक्यानंतर त्यांचं हसू एका बाजूनेच यायचं.

तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल. पण त्याआधी दुसरंच काहीतरी वर आलं. रोजची ती ओढाताण, ते कळवळणं, तो पुटपुटणारा गडप चेहरा. इतके महिने. एवढंच होतं तर आधी का नाही सांगितलं? मग तिच्या लक्षात आलं की सांगायला त्यांना वाक्य लागलं असतं, आणि ऐकायला तिला वेळ. ती उठली, आत जाऊन काठी घेऊन आली आणि त्यांच्या हातात दिली.

"रंग पांढरा नाहीये," ती म्हणाली.

"पांढऱ्यात चेन नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून, तिच्याकडे न बघता, "मघाशी बोललो ते... बोलायला नको होतं."

"हो. नको होतं," ती म्हणाली.

 कापड थंडीत लवकर वाळणार नाही म्हणून तिने तसेच दोन घ्यायला लावले. दुसरा त्याच मापात हिरवट रंगाचा होता. क्रेनवाल्यांनी तोंड वाकडं केलं, पण घेतला. टॅक्सीत ते नवा जुब्बा अंगातच ठेवून बसले आणि दोन चौक जायच्या आत झोपले. त्यांचं डोकं तिच्या ठणकणाऱ्या खांद्यावर आलं. तिने ते सरकवलं नाही, पण सुखावलीही नाही. दुखत होतं ते दुखतच होतं.

पहिल्या रोज्याच्या दिवशी ती लाँड्रीतून आली तेव्हा उभं राहवत नव्हतं. पहाटेच्या अंधारात सहरीचं खायला उठलेली, दिवसभर रोलरची वाफ, तोंडाला कोरड. घरात शिरली तर क्रेनवाले पलंगावर बसून जुब्बा वर ओढत होते. तिने पर्स ठेवली आणि तिथेच उभी राहिली. मदतीला जायची सवय हातांत होती. ते हात तिने शालीत गुंडाळून घेतले. चेन अर्ध्यावर अडकली. त्यांनी ती खाली घेतली, पुन्हा वर ओढली.

"मोजे?" तिने विचारलं.

"वजू केला. तेवढे... चढवून दे."

तिने चामडी मोजे चढवून दिले. रंगारी दाराशी आला. दुपार कलताना असरच्या नमाजला ते दोघं निघाले, गल्लीच्या टोकापर्यंत काठीचा आवाज येत राहिला. सूर्यास्ताची मगरिब करूनच येतो, ते म्हणाले होते.

ती आडवी झाली. घर रिकामं होतं. अशा वेळी घर रिकामं असणं काय असतं, ते ती विसरून गेली होती. कुणाच्या हाकेकडे कान लावून ठेवायचा नव्हता. तिला वाटलं, रडू येईल. त्याऐवजी झोप आली.

अजानच्या आवाजाने ती जागी झाली. खिडकीबाहेर अंधारत होतं. धडपडत उठून तिने टेबलावर खजूर काढले, पाण्याचा तांब्या भरला, ओठ हलवून दुआ म्हटली. तेवढ्यात दार वाजलं. क्रेनवाले दारात उभे होते, नाक लाल झालेलं.

"मगरिबला थांबणार होतात ना?"

"आत उकडतंय," ते म्हणाले. "हीटर लावलेत. माणसं खच्चून. घामाघूम झालो." ते आत आले, खुर्चीत बसले आणि चेन खाली ओढली. उजवा हात बाहीतून काढायला गेले. दुसरा हात काहीच धरून ठेवत नव्हता, त्यामुळे बाही हाताबरोबरच पुढे येत राहिली. त्यांनी दातात पकडून पाहिली. निघाली नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"घालता येतो," ते म्हणाले. "काढता येत नाही."

तिच्या हातात खजूर तसाच होता. तिला हसू आलं, थोडंसंच, जेवढं शिल्लक होतं तेवढं.

"थांबा," ती म्हणाली. "आधी माझा रोजा सुटू दे."

ते थांबले. तिने खजूर तोंडात टाकला, सावकाश चघळला, बी काढून बशीत ठेवलं. पेलाभर पाणी प्याली. मग दुसरा पेला भरला. तोही घाई न करता प्याली. क्रेनवाले अर्धवट उघड्या जुब्ब्यात, बाही दाताने ओली झालेली, मुकाट्याने बसून होते. मग त्यांनी उजव्या हाताने तांब्या तिच्याकडे थोडा सरकवला.

तिने तिसऱ्यांदा पेला भरून घेतला.